परातीतलं पाणी

चर्चच्या मागच्या मोरीवरून चिंचेचा आंबूस वास यायला लागला की मला कळतं, दिवस आले. महिला मंडळाच्या दोघीतिघी तिथे बसून पितळेची परात घासत असतात. वर्षभर कपाटात पडून ती काळी ठिक्कर झालेली असते. चिंच, मीठ, नारळाची शेंडी आणि अखंड गप्पा, एवढ्यावर ती तासाभरात लखलखायला लागते. मग ती आवारात पालथी घालून सुकवतात. आमच्या आवारात हल्ली ऊन सरळ येत नाही. गिरणीच्या जागेवर जो टॉवर झालाय त्याच्या काचांवर आपटून येतं. तेवढ्या उसन्या उन्हात परात चमकते, बायका कौतुकाने बघतात, आणि मी खिडकीत उभा राहून बघतो तेव्हा माझं तोंड कडू होतं. पूर्वी असं होत नव्हतं.

ही परात वर्षातून एकदाच लागते. ज्या संध्याकाळी प्रभू येशूला धरून नेलं, त्या संध्याकाळी तो जेवता जेवता उठला, कमरेला पंचा गुंडाळला आणि आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले. म्हणून उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी, पाळकाने मंडळीतल्या बारा जणांचे पाय धुवायचे आणि मग सगळ्यांना प्रभुभोजन द्यायचं, म्हणजे भाकर मोडून द्यायची आणि द्राक्षरस द्यायचा. आमच्या परळच्या चर्चमध्ये गिरण्यांच्या काळापासून हे असंच चालत आलंय. पाळक बदलले, परात तीच राहिली. सध्याचा पाळक मी.

उपासकाळ म्हणजे ईस्टरआधीचे चाळीस दिवस. परळमध्ये तो उन्हातच येतो. हॉस्पिटलांच्या भिंतींना टेकून पेशंटचे नातेवाईक बसलेले असतात, त्यांच्या डोक्यावर ओले रुमाल. कलिंगडाच्या गाड्यांभोवती माश्या. भजनाला तरुण गळे मिळत नाहीत, कारण दहावी-बारावीच्या परीक्षा चालू असतात. मग म्हातारे गातात आणि पेटी त्यांच्यासाठी थांबून थांबून वाजते. रोज संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थना ठरलेली. कधी लालबागला, कधी काळाचौकीला, आणि एक कुटुंब पार तिकडे फणसवाडीत राहतं, त्यांच्याकडेही एकदा. बसायला प्लास्टिकच्या खुर्च्या शेजारच्या गणेशोत्सव मंडळाकडून आणतात. पाठीवर मंडळाचं नाव असलेल्या खुर्चीत बसून मी ख्रिस्ताच्या दुःखसहनावर बोलतो आणि चाळीत कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाही. मलाही नाही. प्रार्थनेनंतर चहा नको म्हटलं तरी येतो, आणि उपास आहे म्हटलं की वेफर्स येतात. कित्येक उपासकाळ मी बटाट्याच्या वेफर्सवर काढलेत.

आणि विनंत्या. "पाळकसाहेब, मुलाचा गणिताचा पेपर आहे, जरा नाव घेऊन प्रार्थना करा." "बिल्डरने भाडं थांबवलंय." "सुनेचं मन वळू दे." मी सगळ्यांची नावं घेतो. सुरुवातीला मला वाटायचं, विश्वास म्हणजे काहीतरी उंच, डोंगरावरचं असणार. आता वाटतं, विश्वास म्हणजे बहुतेक करून हेच, गणिताचा पेपर आणि बिल्डर. त्याचा मला राग नाही. राग आहे तो वेगळ्या गोष्टीचा, आणि ती गोष्ट गेल्या वर्षीच्या उपासकाळातली आहे.

गेल्या वर्षी एका संध्याकाळी प्रार्थना सुलूमावशींच्या घरी होती. सुलोचना हे त्यांचं नाव, पण मंडळीत त्या सगळ्यांच्या सुलूमावशी. काळाचौकीला तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. परळच्या एका हॉस्पिटलात त्या आयाबाई होत्या, आता रिटायर झाल्या. मुलगा विरारला असतो, फोन करतो. इतर घरी आमचे वीस-पंचवीस लोक येतात. त्या दिवशी मी, माझी बायको मालती आणि बाहेर गॅलरीत उभे राहिलेले तिघं. गॅलरीत का, ते आत पाऊल टाकल्यावर कळलं. मावशींचा डावा पाय साखरेने सडत चालला होता. उदबत्ती लावलेली होती, खिडकी उघडी होती, पण तो वास काही लपत नव्हता. मालतीने पदर नाकाला लावला नाही, ह्याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

प्रार्थना झाली. गॅलरीतले तिघं "आमेन" म्हणून तिथूनच जिना उतरले. मावशींनी चहा ठेवायला मालतीला सांगितलं आणि मला म्हणाल्या, "पाळकसाहेब, एक मागू?"

"मागा की."

"ईस्टर झाला की हा पाय कापणारेत. डॉक्टरांनी सांगितलंय, ठेवला तर मी जाईन. तर म्हटलं, यंदा त्या बारा जणांत मला घ्या ना."

मग त्याच पुढे म्हणाल्या, "आख्खी जिंदगी दुसऱ्यांचे पाय धुतले हो. ड्युटीच होती ती. जित्यांचे धुतले, मेलेल्यांचे धुतले. माझे कुणी धुतले नाहीत, आईने धुतले असतील तेवढेच. आता हा चाललाय तर निदान धुऊन तरी जाऊ दे. देवाच्या घरात, सगळ्यांच्या देखत."

स्टोव्हजवळून मालतीने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "मावशी, ठरलं." एवढा सोपा होकार मी आयुष्यात कुणाला दिला नव्हता.

आता ह्या बारा जणांची गंमत सांगायला हवी. बारा जण चर्चची पंच कमिटी निवडते. निवडलं जाणं मानाचं, त्यामुळे दरवर्षी फिरून फिरून तीच माणसं असतात. आणि पाय धुवून घ्यायला येताना ती पाय धुऊन येतात. नुसते धुऊन नाही, वजरीने घासून, नखं कापून, पावडर लावून, वर नवे मोजे. आमचे सेक्रेटरी गायकवाड सर, बँकेतून रिटायर झालेले, त्यांना त्यांची लेक आदल्या दिवशी दादरच्या पार्लरमध्ये नेते. पहिल्या वर्षी मी त्या पायांवर पाणी घातलं तेव्हा पावडरीचा लगदा झाला आणि परातीत दुधासारखं पाणी साचलं. मळ म्हणाल तर कणभर नाही. घरी येऊन मी मालतीला म्हणालो, "अगं, धुवायला काही ठेवतच नाहीत." ती म्हणाली, "अहो, पाहुणे यायच्या आधी आपणही घर झाडतोच की." खूप हसलो होतो तेव्हा. आता तेच आठवलं की हसू येत नाही, कारण त्या बारा खुर्च्यांवर खराब पाय घेऊन बसायची सोयच आम्ही ठेवलेली नाही, हे मला गेल्या वर्षी कळलं.

कमिटीत मी विषय काढला. गायकवाड सर माणूस वाईट नाही. चर्चचं छप्पर त्यांनी धावपळ करून दुरुस्त करून घेतलं, माझ्या आजारपणात रात्रंदिवस हॉस्पिटलात बसले. वाईट असते तर मला सोपं गेलं असतं. ते शांतपणे म्हणाले, "पाळकसाहेब, शिष्य पुरुष होते."

"यहूदीही होते," मी म्हणालो. "तुमच्यात यहूदी कोण आहे?"

कुणी हसलं नाही. मग खरं काय ते हळूहळू बाहेर यायला लागलं. "वास येतो हो त्यांच्या पायाला. पुढच्या रांगेत पाहुणे असतात. सगळं लाईव्ह जातं, आमचा जावई दुबईहून बघतो."

"वास लाईव्ह जात नाही, सर."

"तुम्ही चिडू नका." त्यांनी चष्मा काढून पुसला. "पायाचं सोडा. हातांचं बोलू. तुम्ही तो पाय धुणार, आणि मग त्याच हातांनी भाकर मोडून लोकांना देणार. लोक खातील का? मी माझं सांगत नाही, लोकांचं सांगतोय."

"मी साबणाने हात धुईन."

"तुम्ही धुवालच हो. पण लोकांच्या मनाचं काय करायचं? आणि प्लीज, गैरसमज नको. जातपात आपण मानतच नाही. हा हायजीनचा प्रश्न आहे."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी त्या सगळ्यांकडे बघत राहिलो. तिथे बसलेल्या प्रत्येकाचं मूळ गाव मला ठाऊक होतं. आमची बहुतेक मंडळी नगरकडची, आमच्या आजे-पणज्यांच्या काळात महारवाड्यातून ख्रिस्ती झालेली. माझे आजोबा सांगायचे, गावात पाणी मागायचं तर ओंजळ पुढे करून बसायचं. वरून कुणीतरी ओतायचं, निम्मं कोपरावरून गळून जायचं. मग एकदा गावात एक उपदेशक आला. उन्हाचा आलेला, तहानलेला. तो सरळ आजोबांच्या वडिलांच्या दारात बसला आणि म्हणाला, पाणी द्या. त्यांच्याच तांब्याने, तोंड लावून प्यायला. आजोबा म्हणायचे, "स्वर्ग-बिर्ग मला काही कळला नव्हता रे. पण हा माणूस आमच्या घरचं पाणी प्यायला, एवढं कळलं." आमचा सगळा ख्रिस्ती धर्म त्या एका तांब्यापासून सुरू होतो. गायकवाड सरांचे आजोबा त्याच तालुक्यातले. आणि तिसऱ्या पिढीतला त्यांचा नातू मला विचारत होता, कुणाच्या पायाला लागलेल्या हातांनी तुम्ही आम्हाला खायला घालणार?

मी म्हणालो, "सुलूमावशी नसतील तर परात कपाटातून निघणार नाही." आवाज चढला असेल माझा. चढलाच होता. ते म्हणाले, "बघा बुवा, तुमची मर्जी." आमच्याकडे "तुमची मर्जी" म्हणतात तेव्हा त्यात कुणाचीच मर्जी नसते.

त्या वर्षी पवित्र आठवडा आणि भीमजयंती एकाच आठवड्यात आली होती. मावशींच्या चाळीत निळे झेंडे लागलेले, चौकात ढोल. तिसऱ्या मजल्यावरून त्यांना खाली कसं आणायचं, हा मोठा प्रश्न होता. मंडळीतल्या चार जणांना मी विचारलं. एकाची पाठ दुखत होती, एकाला ड्युटी होती, उरलेल्या दोघांनी फोन उचलला नाही. शेवटी मावशींच्या शेजारच्या कांबळेंनी विषय संपवला. ते टॉवरमध्ये लिफ्ट दुरुस्त करतात. म्हणाले, "पाळकसाहेब, टेन्शन काय घेता? साठ-साठ माळ्यांच्या लिफ्टा चालू करतो आम्ही, आमच्या मावशीला तीन माळे नाय उतरवणार?" ते आणि त्यांचा भाऊ खुर्चीसकट मावशींना उचलून खाली घेऊन आले. शेजारच्या तांडेलवहिनी मागून पिशवी घेऊन चालत होत्या, त्यात ड्रेसिंगचं सामान. "सांभाळून रे, कोपऱ्याक आपटशाल तिका," असं प्रत्येक वळणावर ओरडत होत्या. दोघे बौद्ध, एक मालवणी, आणि आमच्या चर्चचं कुणीही नाही. अशी मावशींची मिरवणूक चर्चच्या दारात आली.

बारा खुर्च्या अर्धगोलात मांडलेल्या. शेवटची मावशींची. मी परात घेऊन एकेकासमोर गुडघे टेकत निघालो. मोजे निघाले, पावडरीचे पाय पुढे आले, पाणी पडलं, पंच्याने पुसले, पुढे सरकलो. गायकवाड सरांचे पाय माझ्या तळहातांपेक्षा मऊ होते. मग मावशी. त्यांनी उजवा पाय पुढे केला. मी तो धुतला. डाव्या पायाला त्यांनी साडीच्या दुकानातली प्लास्टिकची पिशवी बांधली होती, वर रबर लावून.

"मावशी, दुसरा."

"नको, पाळकसाहेब." कुजबुजत बोलल्या, पण माईक जवळ होता. "तो राहू दे. काल गायकवाडबाई आल्या होत्या. म्हणाल्या, मावशी, तुम्ही तो पाय पुढे केलात तर लोक भाकर घेणार नाहीत. माझ्यापायी कुणी उपाशी नको."

"तुम्ही त्याच पायासाठी आलात ना?"

त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मी विचारलं, "सोडू पिशवी?" पंखा फिरत होता, कुणीतरी खोकलं. मग त्यांनी मान हलवली, हो म्हणून, आणि मी रबर काढला.

त्या वासाबद्दल मी काही लिहिणार नाही. हॉस्पिटलच्या सिस्टरने सांगितलं होतं तसं उकळून गार केलेलं मिठाचं पाणी मी वेगळं आणलं होतं. ते हळूहळू ओतलं. मावशी डोळे मिटून बसल्या होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. तांडेलवहिनींनी पुढे येऊन पाय कोरडा केला, पट्टी बांधली. त्या ख्रिस्ती नाहीत, त्यांना आमच्या विधीतलं काही ठाऊक नाही, पण त्या अर्धगोलात गुडघे टेकणाऱ्या माझ्याखेरीज त्याच एकट्या होत्या. मला त्या क्षणी फार बरं वाटलं. इतकं बरं मला त्यानंतर वाटलेलं नाही.

मग मी प्रभुभोजनाच्या मेजाशी गेलो. सगळ्यांच्या देखत साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, दोनदा. डॉक्टर धुतात तसे. हायजीनचं जे काही देणं होतं ते मी पुरेपूर चुकतं केलं. प्रार्थना म्हटली, भाकर मोडली. आम्ही भाकर म्हणतो, असतो तो इराण्याच्या बेकरीतला ब्रेडच, बायका दुपारी त्याचे लहान चौकोनी तुकडे करून ठेवतात. एक सबंध पाव मोडण्यासाठी वेगळा. मी म्हणालो, या.

मालती आली. मागच्या बाकांवरून चार-सहा जण आले, त्यांतली एक आजी दोन्ही हात पसरून आली. एक तुकडा मी मावशींच्या खुर्चीपर्यंत नेऊन दिला. बाकीचे भजनाच्या पुस्तकात डोकं खुपसून बसले. पेटी वाजत राहिली, कडवी संपली, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. गायकवाड सर उठले नाहीत. ताट भरलेलं माझ्या हातात राहिलं. मी ताट धरून किती वेळ उभा होतो कोण जाणे. ह्या मेजावर सगळे एका ताटातलं खातात, ह्या एका गोष्टीसाठी आमच्या आजोबांनी गाव तोडलं होतं, भाऊबंद तोडले होते.

आशीर्वादित भाकर टाकायची नसते. उरली तर पाळकाने खाऊन संपवायची. इतर वर्षी दोनचार तुकडे उरतात, उभ्या उभ्या तोंडात टाकतो. त्या संध्याकाळी आतल्या खोलीत ताट मांडीवर घेऊन मी आणि मालती खात बसलो. सुका ब्रेड घशाखाली उतरेना. मालती द्राक्षरसाचे छोटे पेले एकामागून एक पुढे करत होती, मुलाला औषध द्यावं तसे. दोघंही रडत नव्हतो. दार उघडं होतं आणि बाहेर मावशी कांबळेंची वाट बघत खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी आत पाहिलं.

"एवढी उरली?"

मी तोंडातला घास चावत राहिलो. मावशींना सगळं कळलं. त्या म्हणाल्या, "मी म्हटलं होतं ना तुम्हाला. उपाशी गेले सगळे." नंतर जरा थांबून म्हणाल्या, "तुम्ही पण ना. तुम्हाला त्यांना हरवायचं होतं."

हे मला लागलं. अजून लागतं. पण ते खरं आहे असं मी आजही कबूल करत नाही. त्यांना पाय धुवून हवा होता, मी धुतला. आजारी बाईचा पाय धुणं हे भांडण वाटावं अशी वेळ ज्यांनी आणली, त्यांनी उत्तर द्यावं. पण गेलं वर्षभर मी कुठेही जेवायला बसलो की पहिल्या घासाला त्यांचं ते वाक्य आठवतं.

ईस्टरनंतर पाय कापला, गुडघ्याखाली. गायकवाड सर हॉस्पिटलात फळांची करंडी घेऊन आले आणि त्यांनी सुंदर प्रार्थना केली, हे मान्य करायला हवं. मावशींनी मला एवढंच विचारलं, "तो पाय त्यांनी कुठे नेला हो?" मी सिस्टरला विचारलं, तिने हात हलवला. धुतलेला पाय शेवटी कुठे गेला हे आम्हाला कळलं नाही. मावशी घरी आल्या, आणि चर्चला यायच्या बंद झाल्या. कांबळे रविवारी सकाळी विचारायचे, "मावशी, उचलू का?" त्या म्हणायच्या, "राहू दे रे. माझ्यापायी माणसं उपाशी राहतात." महिन्यातून एकदा मी घरी जाऊन त्यांना प्रभुभोजन देतो. आम्ही दोघंच. त्यांनी मागितलं होतं ते 'सगळ्यांच्या देखत'. आता बघायला भिंतीवरचं कॅलेंडर तेवढं असतं.

चर्चमध्ये मेजाशेजारी आता सॅनिटायझरचा स्टँड आहे. पायाने दाबायचा. कुणी ठराव केला नाही, एका रविवारी तो तिथे होता. लोक पुन्हा पुढे येतात, माझ्या हातून भाकर घेतात, मी हात चोळताना नीट बघून मग घेतात. व्यासपीठावरून मी प्रीतीवर उपदेश करतो. "फार छान बोललात, पाळकसाहेब, सलाम," असं दारात हात मिळवून सांगतात. मी खोटं बोलत नसतो, आणि तेही नसतात. हेच मला समजत नाही. देवाला मी हल्ली प्रश्न विचारत नाही. एकेकाळी खूप विचारायचो. आता सकाळी त्याच्यासमोर नुसता बसतो, एखाद्या ऑफिसात साहेब भेटणार नाहीत हे माहीत असून माणूस बाकावर बसून राहतो तसा.

आणि आता पुन्हा चिंचेचा वास. गेल्या आठवड्यात कमिटी झाली, बारा नावं ठरली. गायकवाड सर म्हणाले, "यंदा सुलूमावशींना घेऊ."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"नाही, खरंच. आता काही हरकत नाही ना? जखम भरली. व्हीलचेअर आपण देऊ, त्याच दिवशी अर्पण करू. लोकांनाही बरं वाटेल. लाईव्हला फार छान दिसेल ते." त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. गेल्या वर्षीचं काहीतरी त्यांनाही खुपत असणार, आणि ते असं मिटवायचं होतं. पाय होता तेव्हा बाईला जागा नव्हती. पाय गेला, जागा झाली. हे त्यांना दिसत नव्हतं, आणि ते दाखवून द्यायची ताकद माझ्यात राहिली नव्हती. मी म्हणालो, "विचारतो त्यांना."

विचारायला गेलो. मावशी खाटेवर बसून तांदूळ निवडत होत्या. मी निरोप सांगितला. सुपातले हात थांबले. परकराखाली झाकलेल्या तोकड्या पायाकडे त्यांनी बघितलं. मग वर न बघता त्यांनी विचारलं, "पाळकसाहेब, खरं सांगा. अजून वास येतो का?"

वर्ष झालं होतं. खोलीत फोडणीचा वास होता, शेजारी सुकत घातलेल्या सुरमईचा होता. मी म्हणालो, "नाही हो, मावशी. काही येत नाही."

"बघा हं. मला कधी कधी येतो. रात्री उठून बघते, तर पायच नाही." आणि मग, सूप बाजूला ठेवून: "येते मी. पण एक ऐका. आधी भाकर द्या सगळ्यांना. पाय मागाहून. म्हणजे कुणी उपाशी जाणार नाही."

मला त्यांचा राग आला. खरंच आला. ज्यांनी ह्या बाईला वर्षभर घरात बसवलं, त्यांच्या किळसेची व्यवस्था हीच बाई लावून देत होती, एखाद्या यजमानणीने पाहुण्यांची गैरसोय होऊ नये म्हणून धडपडावं तशी. मी म्हणालो, "मावशी, आता कशाला? आता तर जखमही नाही." त्या म्हणाल्या, "असू दे हो. माणसाचं मन आहे." मी गायकवाड सरांना सांगितलं. ते म्हणाले, "मावशी किती समजूतदार आहेत!"

उद्या गुरुवार. कांबळे आणि त्यांचा भाऊ त्यांना खाली आणतील. आधी भाकर. सगळे पुढे येतील, सगळे खातील, एक तुकडा उरणार नाही. मग बारा खुर्च्या. मोजे, पावडर, मऊ तळवे. शेवटी मी मावशींसमोर गुडघे टेकीन आणि त्यांचा उजवा पाय धुईन. लोकांना वाटेल, झालं. पण मी तांब्या भरून ठेवणार आहे, उकळून गार केलेलं मिठाचं पाणी, गेल्या वर्षीसारखंच. परात बाजूला सरकवून, जिथे तो डावा पाय असायला हवा होता तिथे, मी ते ओतणार आहे. हळूहळू, तांब्या रिकामा होईपर्यंत. कॅमेरा चालू असेल. आमच्या चर्चच्या फरशीला पुढच्या बाकांकडे उतार आहे. पाणी वाहत तिकडे जाईल, आणि ज्यांना ते लागू द्यायचं नसेल त्यांनी आपले पाय उचलून घ्यावेत.